सातविणीची साल आणि मुका झालेला ढोल

सह्याद्रीची उतरण जिथे संपते आणि खाडीचा वारा जिथवर पोहोचत नाही, अशा एका सांदीत पोफळवण नावाचे गाव आहे. एका पावसाळ्याच्या तोंडी महाराज या गावी येऊन थांबले. त्यांचे मूळ नाव, गाव, कूळ कोणालाच ठाऊक नव्हते. रवळनाथाच्या देवळालगतच्या गळक्या धर्मशाळेत त्यांनी धुनी पेटवली, म्हणून लोक त्यांना रवळूमहाराज म्हणू लागले. ते फार बोलत नसत. कोणी पेज आणून दिली तर पीत, नाही दिली तर पावसाकडे बघत बसत.

पोफळवणावर हिवतापाची जुनी सावली होती. दर पावसाळ्यात दोनचार घरांतून कण्हणे ऐकू येई आणि एखाद्या घरातून रडणे. या तापावर गावाचा एकच भरवसा होता: सातवीण नावाच्या रानझाडाची साल. आषाढातल्या अवसेला, म्हणजे दिव्यांच्या अवसेला, भल्या पहाटे गावचा मानकरी रानात जाई. हातात दिवा घ्यायचा नाही, झाडाला लोखंड लावायचे नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. दगडाने ठेचून साल काढायची आणि ती घेऊन उजाडायच्या आत देवळात परतायचे. मग सालीचा रस काढून त्यात ओवा, मिरी आणि लसूण वाटून घालत, लाल तापवलेली गारगोटी टाकून रसाला चरका देत. पहिली वाटी मानकऱ्याची. त्याने ती रिकामी करून दुसरी वाटी ज्याच्या हाती द्यावी त्याने प्यायची आणि मग सारा गाव प्यायचा. रस असा कडू की म्हातारी माणसेही लहान मुलांसारखी तोंडे करत. वर मेथ्यांची गोड पेज मिळे, तेव्हा कुठे जीव थाऱ्यावर येई.

हा मान सगुण परबाच्या घराण्याकडे होता. सगुण वाईट माणूस नव्हता, पण मान त्याच्या अंगात मुरला होता. त्याचे वडील अवसेच्या आदल्या दिवशी ऊन असताना रानात जात, सातविणीच्या बुंध्याशी मूठभर तांदूळ ठेवून तिला आवतण देत आणि खोडाला काथ्याचा वेढा बांधून येत. पहाटेच्या अंधारात ते हाताने तो वेढा चाचपत आणि मगच दगड उचलत. वडील गेले, मान सगुणाकडे आला, आणि त्याने ही रीत पहिल्याच वर्षी सोडली.

त्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ अनाजी गेला. दोघे मिळून साल आणायला गेले होते. अनाजीला कडू रसाचे कौतुक. साल ठेचताना निघालेला रस त्याने तिथेच ओंजळभर पिऊन टाकला. देवळाच्या पायऱ्या चढताचढता त्याचे अंग ताठ झाले, मान मागे गेली, पाठीची कमान झाली. रानातले भूत लागले असे सगळे म्हणाले. अपशकुन झाला म्हणून त्या वर्षीची साल फेकून दिली, रस काढलाच नाही. ढोल वाजवून, निरगुडीच्या फोकांनी झोडपून भूत उतरवायचा खटाटोप झाला. दुपारपूर्वी अनाजी संपला.

मागे राहिली त्याची बायको पुतळा आणि पोटातली पोर. परबांच्या मागच्या पडवीत मायलेकी राहत. पुतळा भात कांडी, शेण काढी आणि रोज एक तांब्या पेज महाराजांना नेऊन देई. पोरीचे नाव यमू. एवढी मोठी झाली तरी तिने अवसेचा रस कधी चाखला नव्हता. दर वर्षी त्या दिवशी पुतळा काहीतरी निमित्त काढून तिला माहेरी नेई.

महाराज आले त्या वर्षी मात्र नदीला पूर होता आणि माहेरची वाट बंद होती. अवसेला दोन दिवस उरले असताना यंदा यमूला रस पाजावा लागेल, ही आपली भीती पुतळेने महाराजांसमोर उघड केली. सगुण तेव्हा देवळाच्या ओसरीवर बसून नारळ सोलत होता. त्याला सगळे ऐकू येत होते.

महाराज म्हणाले, "पुतळे, औषध आणि विष ही एका रानातली सख्खी भावंडे. दोघेही कडू. जिभेला त्यांच्यातला भेद कळत नाही. म्हणून आधी उजेडात जावे, झाडाला आवतण द्यावे आणि त्याला विचारावे. सातवीण उत्तर देते. तिची पाने एका देठाभोवती चक्रासारखी बसतात, ते तिचे नाव. साल दुखावली की दुधासारखा पांढरा चीक येतो, तो तिचा होकार. दूध आले नाही तर झाड नाही म्हणते आहे असे समजावे."

"आणि हो म्हणाली तर, महाराज?"

"तरीही बेताने. मोठ्या माणसाला लहान वाटीभर पुरे. पोटुशी बाई आणि लहान लेकरू यांना नको. गुण आहे म्हणून घडाभर प्यायला ते काही पाणी नव्हे."

सगुणाच्या मस्तकात तिडीक गेली. त्याच्या घराण्याचा मान, आणि त्याची रीत एका बैराग्याने त्याच्या भावजयीला शिकवावी! तो ओसरीवरूनच ओरडला, "काय गो पुतळा, तुझ्या पेजमहाराजान नवा शास्त्र काढल्यान वाटता! झाडाक आवतण देवचा? झाड काय आमचो जावय आसा?"

ओसरीवरची माणसे खो खो हसली. पुतळेने पदर सावरला आणि रिकामा तांब्या उचलून ती निघून गेली. महाराजांनी सगुणाकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, म्हणून तो अधिकच चिडला. त्याच क्षणी त्याने मनाशी ठरवले: यंदा दुसरी वाटी यमूची.

अवसेच्या पहाटे असा पाऊस होता की स्वतःचा हात स्वतःला दिसेना. सगुण एकटाच निघाला. अनाजीनंतर दर वर्षी तो बांध धरून जाई, बांध संपला की उजव्या हाताला सातवीण. पण पुराने बांध मधेच फोडला होता. जिथे बांध संपल्यासारखा वाटला तिथे त्याने हात पुढे केला. हाताला खोड लागले. त्याने दगड उचलला.

साल टोपलीत भरताना एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. दर वर्षी तळहात चिकट होत, तो चीक दुपारपर्यंत खोबरेल चोळून काढावा लागे. यंदा हात कोरडा होता. म्हणजे पावसाने ओला होता, पण बोट बोटाला चिकटत नव्हते. पावसाने धुऊन गेला असेल, असे म्हणून तो वळला.

उजाडले तेव्हा देवळाच्या मंडपात गाव जमला होता. रस गाळून झाला. तापलेली गारगोटी पडताच त्यातून वाफ उठली. सगुणाने बोट बुडवून जिभेला लावले आणि त्याचे डोळे मिटले.

"यंदाचो रस खरो कडू!" तो म्हणाला. "ताप काय, तापाचो बापूस पळतलो!"

त्याने वाटी भरून उचलली, तोच बायकांच्या घोळक्यातून आवाज आला. "भावजी, झाडान दूद दिल्यान?"

साऱ्या माना वळल्या. चारचौघांत थोरल्या दिराला असा प्रश्न पुतळेने जन्मात केला नव्हता. सगुणाची नजर नकळत स्वतःच्या तळहाताकडे गेली. हात कोरडा होता. एक क्षण, फक्त एकच क्षण, त्याने बोटाला बोट लावून पाहिले. तेवढ्यात कोणीतरी फिसकन हसले आणि त्याने मूठ मिटली.

"दूद व्हया तर म्हशीकडे जा!" तो गरजला. हशा पिकला, आणि त्या हशातच त्याने वाटी तळापर्यंत रिकामी केली.

मग दुसरी वाटी भरून त्याने हाक मारली, "यमू, हयसर ये."

पोर आईच्या मागे दडली. पुतळा पुढे आली. तिने हात आडवा केला. "मी माझ्या चेडवाक देवचंय नाय."

"गावाच्या देवापुढे नाय म्हणतस?"

"देवाक नाय म्हणनंय नाय. ह्या वाटयेक म्हणतंय. तुम्ही झाड बघल्यात काय? दूद बघल्यात काय? सांगा, आणि मगे द्या."

"दुसरी वाटी यमूच पितली! ती पिल्याशिवाय गावात कोण रसाक हात लावचो नाय. आणि पिवची नसात तर आजपासून माझ्या पडवीत जागा नाय!"

कोणी पुतळेला समजावू लागले, कोणी शिव्या घालू लागले. एका म्हातारीने यमूचा दंड धरला, पुतळेने तो सोडवला. "तुझ्यापायी गाव ताटकळलो मगो!" "पी म्हणा गो त्या चेडवाक, पेज थंड झाली!" वाटी सगुणाच्या हातात, रसाचे भांडे त्याच्या पायाशी, आणि सारा गाव तिष्ठत उभा. पुतळा मात्र पोरीपुढे भिंतीसारखी उभी राहिली, हलली नाही.

श्रोतेहो, त्या बाईचे हट्टी म्हणून सगळ्यांनी वाभाडे काढले. पण ती अडून राहिली तेवढा वेळ गावातल्या एकाही ओठाला तो रस लागला नाही.

सगुण ओरडायला गेला आणि त्याचे तोंड पुरते उघडेना. जबडा कोणीतरी दोरीने आवळल्यासारखा झाला. मानेत कळ आली. त्याला वाटले, रागाने असेल. तेवढ्यात कोणीतरी त्याच्या खांद्याला हात लावला, आणि त्या नुसत्या स्पर्शाने त्याचे सर्वांग उसळले. हातातली वाटी दूर उडाली. टाचा आणि डोके जमिनीला, बाकी शरीर धनुष्यासारखे वर. श्वास अडकला. मग अंग सैल पडले.

"भूत! अनाजीक लागलेला भूत!" किंकाळी उठली. "भिवा घाडयाक बोलवा! ढोल आणा!"

भूत उतरवणारा भिवा घाडी मंडपातच होता. त्याने ढोल गळ्यात घातला आणि पहिला टोला दिला. त्या टोल्याबरोबर सगुणाचे शरीर पुन्हा कमानीसारखे वळले. दुसरा टोला, पुन्हा तेच. प्रत्येक टोला हाडांच्या आतून जात होता. आणि सगळ्यात भयंकर गोष्ट ही की त्याची शुद्ध गेली नव्हती. डोके दिवसासारखे लख्ख होते. बायकांची रडारड, पागोळ्यांची धार, फोकाचा सपकारा, सगळे त्याला ऐकू येत होते. "थांबवा" एवढाच शब्द त्याला हवा होता, आणि दात उघडत नव्हते.

तेव्हा त्याला अनाजी आठवला.

याच मंडपात, याच ढोलाखाली अनाजी असाच वाकला होता. आणि त्याच्या उशाशी उभा राहून सगुण भिवाला म्हणाला होता, "मेलो तरी चलात, पण ह्याच्या आंगातला भूत सोडू नको." त्या वेळी सगुणाला वाटले होते, हे भूत आहे, भावाला काय ऐकू येणार!

अनाजीने ऐकले होते. शेवटपर्यंत एकूण एक शब्द ऐकला होता.

"ढोल थांबवा!" पुतळा किंचाळत होती. "आवाजान जास्ती होता! माझ्या घोवाक असाच झालेला, मी बघलंय!" पण तिचे ऐकणार कोण? दोघांनी तिला बाजूला ढकलले. ती उठली आणि पावसात धर्मशाळेकडे धावली.

महाराज उंबऱ्याशीच उभे होते. हातातल्या करवंटीत धुनीतले विझलेले कोळसे होते, बारीक कुटलेले. जणू कोणी हाक मारील याची ते वाट पाहत होते. काही न विचारता ते तिच्याबरोबर मंडपात आले. त्यांनी तर्जनी उचलून ओठांवर ठेवली.

भिवाचा हात ढोलावर पडला. आवाज आला नाही! त्याने पुन्हा मारले. कातडे थरथरले, टिपरी उडून परत आली, पण नाद म्हणून निघाला नाही. भिवा आपल्या हाताकडे बघत राहिला. मग रडणाऱ्या बायकांचे रडणे घशातच राहिले. आणि मग, भाविकहो, आषाढातला तो कोसळता पाऊस थांबला. पागोळी थांबली. बेडूक गप्प झाले. नदीला पूर असून तिची गाज ऐकू येईना. पोफळवणातल्या माणसांनी अशी शांतता त्यापूर्वी कधी अनुभवली नव्हती आणि त्यानंतरही कधी नाही. महाराजांनी खूण केली तशी देवळाची दारे लोटली गेली आणि आत सांजेसारखा काळोख झाला.

त्या काळोखात महाराज सगुणाजवळ बसले. त्याला स्पर्श केला नाही. श्वासाहून थोडा मोठा असेल अशा आवाजात म्हणाले, "सगुणा, तू सगळे ऐकतो आहेस, हे मला ठाऊक आहे. भिऊ नकोस. तुझ्यात भूत नाही."

सगुणाच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांत ओघळले.

महाराजांनी करवंटी पुतळेच्या हाती दिली. अंग सैल पडे, जबडा सुटे, तेव्हा ती कोळशाचे काळे पाणी त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून थेंबथेंब सोडी. झटका येतोसा वाटला की हात मागे घेई. तिच्या हातांत बांगड्या नव्हत्या, त्यामुळे किणकिणही झाली नाही. दिराच्या अंगावर सावली पडू न देणारी ती बाई त्या दिवशी त्याच्या उशाशी मांडी घालून बसली होती. झटके विरळ होत गेले. दुपार कलली. शेवटचा झटका नुसता पायांच्या बोटांत आला आणि विरला. सगुणाला झोप लागली, तेव्हा बाहेर पाऊस पुन्हा सुरू झाला.

रसाचे भांडे महाराजांनी खोल खड्ड्यात ओतून बुजवायला लावले. सगळे आपापल्या पोरांना पोटाशी धरून घरी गेले.

सगुण उठून काठीच्या आधाराने चालू लागला तेव्हा महाराज त्याला म्हणाले, "चल, झाडाला भेटून येऊ. उजेड आहे." त्यांनी पुतळेलाही बरोबर घेतले.

फुटलेल्या बांधाशी तिघे थांबले. पलीकडे, चार झाडे सोडून, सातवीण उभी होती. पानांची चक्रे पावसात चमकत होती. महाराजांनी नखाने तिची साल किंचित खरवडली. पांढरे दूध टपकन बाहेर आले. आणि अलीकडे, हाताच्या अंतरावर होता काजरा, विषारी कुचल्याचे झाड. त्याची पाने समोरासमोर जोडीने, गुळगुळीत, फांदीला नारिंगी फळे. सगुणाने दगडाने केलेली जखम त्याच्या खोडावर ताजी होती. दुधाचा थेंब नव्हता.

त्या ताज्या जखमेच्या बाजूला आणखी एक जखम होती. जुनी. कडांनी साल जाड होऊन तिच्यावर चढली होती, मधे तळहाताएवढा खड्डा राहिला होता. तीही दगडाचीच होती.

सगुणाला ती कोणी केली हे विचारावे लागले नाही. पुतळाही पाहत होती. ती पुढे झाली आणि तिने त्या जुन्या खड्ड्यात आपला हात ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा. मग महाराजांकडे न वळताच तिने विचारले, "महाराज, तेव्हा तुम्ही खंय होतात?"

महाराजांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "बाई, याचे उत्तर माझ्याजवळ नाही."

ज्यांच्या एका बोटाने नदी गप्प झाली, ते महाराज त्या बाईपुढे मान खाली घालून उभे राहिले!

सगुणाची काठी गळून पडली. तो महाराजांच्या पायांवर कोसळायला वाकला, तसे महाराज बाजूला सरले. पुढे पुतळा होती. क्षणभर सगुण तसाच अर्धवट वाकलेला राहिला. गावच्या रीतीत थोरला दीर धाकट्या भावजयीपुढे वाकत नाही. वाकला तर जग उलटे होते. मग परबांचा मानकरी चिखलात गुडघ्यांवर आला आणि त्याने आपले कपाळ तिच्या पायांपुढे भुईला टेकले.

"माझ्या हातान गेलो गो तो," तो म्हणाला. "आणि मी त्याका भूत म्हटलंय."

पुतळेने पाय मागे घेतले. क्षमा केली असे ती म्हणाली नाही, आणि शापही दिला नाही. तिचा एक हात अजून त्या खोडावरच होता. पाऊस पानांवरून तिघांच्या अंगावर ठिबकत होता.

"उठा, भावजी," ती शेवटी म्हणाली. "भुय ओली आसा."

सगुण मात्र बराच वेळ उठला नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवून महाराजही तिथेच, चिखलात, बसून राहिले. ज्यांचे दुःख कोणी ऐकले नाही त्यांच्यासाठी सारे रान गप्प करणाऱ्या त्या करुणामूर्तीला आमचे दंडवत.